आंघोळीची चौकशी

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, भावाला नाही, ज्यांच्याबरोबर एका खोलीत वर्षानुवर्षं झोपलो त्यांनाही नाही. एका माणसाची नोकरी मी दोन शब्दांत घालवली होती. ‘येस सर.’ ते खोटं होतं, आणि खोटं आहे हे मला बोलताना पुरतं माहीत होतं.

मी मुळात कमी बोलणारा. कमी बोलणाऱ्या माणसाला एक फायदा असतो: तो जे काही बोलेल ते लोक खरं धरतात. या फायद्याचा मी आयुष्यात एकदाच वापर केला, आणि तोही असा.

पण नुसतं रडगाणं गायला मी बसलेलो नाही. कारण त्या दोन शब्दांनंतर जे घडलं त्याच्याइतका आनंदाचा दिवस मी बहरीनमध्ये दुसरा पाहिला नाही. म्हणून सगळंच सांगतो.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. सलमाबादला आमचं वर्कशॉप होतं. क्रेन, विंच, मोठे पंप दुरुस्त करायचे, आणि बरंचसं काम अस्करकडच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्याचं यायचं. मी कुडाळजवळच्या गावचा, आयटीआय केलेला फिटर. तिथे चार्जहँड झालो होतो, म्हणजे आपल्या भाषेत मुकादम. हाताखाली कोकणातली दोन-चार पोरं, केरळातले काही, आणि एक पठाण वेल्डर, जो दारातून आत येताना वाकायचा.

वर्कशॉपचे मॅनेजर इंग्रज होते. आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणायचो. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कुठल्याशा गिरणगावातले. तिथे काम शिकून वर आलेले. जुलैतसुद्धा टाय. आवाज कधी चढायचा नाही. त्यांचा विनोद कळायला मला पहिली दोन वर्षं गेली, कारण विनोद करताना त्यांचा चेहरा हजेरी घेतल्यासारखा असायचा. एकदा चेन-ब्लॉक सटकून गिअरबॉक्सचं झाकण त्यांच्या पायाशी येऊन आदळलं. आमच्या तोंडचं पाणी पळालं. साहेबांनी झाकणाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, “हं. म्हणजे जेवायला मी आहे म्हणायचं.” कुणी हसलं नाही. सगळे त्यांचा राग शोधत होते. त्यांनी एखाद्या कामाला ‘फारसं वाईट नाही’ म्हटलं की पोरं हिरमुसायची, आणि मला सांगावं लागायचं की अरे, ही शाबासकी आहे, यापुढे त्यांच्याकडे शब्दच नाही.

स्वतःबद्दल मात्र ते वाटेल ते बोलायचे. “मी गाडी चालवायला घेतली की आपला ड्रायव्हर पगारवाढ मागतो.” “हे ड्रॉइंग मी काढलंय, तेव्हा आधी उलटं धरून बघा.” स्वतःला कमी लेखायचं आणि दुसऱ्याला धक्का लागू द्यायचा नाही, ही त्यांची रीत.

अस्करच्या रस्त्यावर गाडीत एकदा त्यांनी मला सांगितलं की तरुणपणी ते ऑस्ट्रेलियाला राहायला गेले होते. तिकडच्या सरकारला तेव्हा माणसं हवी होती, म्हणून इंग्लंडातल्या कारागिरांना जवळजवळ फुकट बोटीने नेत. साहेब बायको आणि तान्ही मुलगी घेऊन गेले. रेल्वेच्या कारखान्यात लागले. काही वर्षांनी परत आले.

“का सर?” मी विचारलं.

“ऊन जरा जास्त होतं,” साहेब म्हणाले.

बाहेर बहरीनचा ऑगस्ट होता. थोड्या वेळाने तेच म्हणाले, “पहिल्याच दिवशी कारखान्यात त्यांनी मला विचारलं, शेवटची आंघोळ कधी केलीस? इंग्रज आंघोळ करत नाहीत अशी तिकडे समजूत आहे. मग रोज विचारायचे. सकाळी फाटकावर, दुपारी जेवताना. शेजारीसुद्धा.” आणि मग खिडकीबाहेर बघत, “इंग्रजांसाठी त्यांच्याकडे एक खास नाव आहे. त्याच्यामागे ‘कुरकुऱ्या’ लावल्याशिवाय ते पूर्ण होत नाही.”

इतकी वर्षं लोटली तरी ते बोचत होतं, हे मला दिसलं.

अशा माणसाच्या हाताखाली फोरमन म्हणून ऑस्ट्रेलियन आला.

ती जागा बरेच महिने रिकामी होती आणि तिचं काम मीच बघत होतो. खोलीतल्यांनी माझ्या बढतीचा शिरा आधीच करून खाल्ला होता. गावाला पत्रही गेलं होतं. आणि एके दिवशी साहेबांनी सांगितलं की हेड ऑफिसने बाहेरून माणूस घेतला आहे. पुढे मी जे केलं त्याचा उगम हा. यात दुसरं काही कारण शोधू नये.

ऑस्ट्रेलियन विमानतळावर उतरला तेव्हा घ्यायला मी आणि ड्रायव्हर गेलो. ड्रायव्हर गुहागरकडचा, आमच्यातला वयस्कर, अदबीचा. त्याने मागचं दार उघडून धरलं. ऑस्ट्रेलियनने ते बंद केलं आणि पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. “मागे कशाला? मी काय आजारी आहे?” मी मागे बसलो. ड्रायव्हर सलमाबादपर्यंत इतका अवघडून गाडी चालवत होता, जणू शेजारी नवरदेव बसलाय.

आठवडाभरात त्याने सगळ्यांना नावं ठेवली. तिकडची पद्धतच तशी. माणूस जसा असेल त्याच्या उलट नाव. पठाणाला ‘बुटक्या’. टक्कल पडलेल्या स्टोअरकीपरला ‘केसाळ’. मी दिवसभरात मोजून चार वाक्यं बोलायचो, तर मला ‘राउडी’. म्हणजे दंगेखोर. “राउडी, जरा हळू बोल, कान किटले,” असं तो मी गप्प बसलेलो असताना ओरडायचा. पठाणाला पहिल्यांदा राग आला. मग एकदा पठाणाची बोटं पोळली, तेव्हा याने स्वतः त्याला गाडीत घालून सलमानियाच्या हॉस्पिटलात नेलं आणि ड्रेसिंग होईपर्यंत बाहेर बाकावर बसून राहिला. परत येताना म्हणाला, “एवढ्या बुटक्या माणसाला उचलायला काय लागतं!” त्यानंतर पठाण त्याच्यासाठी जीव टाकायला तयार.

साहेबांना मात्र त्याने पहिल्याच सकाळी, सगळ्यांच्या देखत, अगदी आनंदाने विचारलं, “गुड मॉर्निंग बॉस! आज आंघोळ?”

साहेबांचा चेहरा पांढरा झाला. “गुड मॉर्निंग,” ते म्हणाले. “आपुलकीने चौकशी केल्याबद्दल आभारी आहे.”

आता यात गंमत बघा. साहेबांनी जे म्हटलं ते त्यांच्या परीने दार लावून घेणं होतं. ऑस्ट्रेलियनला वाटलं, वा, हा कोरड्या विनोदाचा माणूस आहे, खेळायला तयार आहे! त्याने दुसऱ्या दिवशी आणखी मोठ्याने विचारलं. साहेब आणखी सभ्य झाले. साहेब जितके सभ्य, तितका हा खट्याळ. कारण त्याच्या देशात परक्याशी सभ्य वागतात, आणि याला साहेबांचं परकेपण काढून टाकायचं होतं. आणि हा जितका खट्याळ, तितके साहेब सभ्य. कारण त्यांच्या गावात अपमान झाला की माणूस टायची गाठ नीट करतो. दोघंही एकच भाषा बोलत होते आणि दोघांनाही एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं.

मला कळत होतं. सगळं. आणि तेही पहिल्या दिवसापासून.

कारण माझं गाव असंच आहे. मी सुट्टीवर गेलो की बॅग ओटीवर ठेवायच्या आत शेजारचा म्हणणार, “मेल्या, जितो आसस अजून? तोंड बघ, सुक्या बांगड्यासारखा झाला!” आणि मागोमाग त्याच्या घरातून ताजे मासे येणार. आमच्याकडे शिवी नाही म्हणजे माया नाही. ऑस्ट्रेलियनने साहेबांना आंघोळीचं विचारलं तेव्हा मला वाटलं, हा आमच्या आळीतलाच. मी साहेबांना त्या दिवशी संध्याकाळी सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. म्हटलं, भांडू देत.

मग ती चहाची वेळ आली.

साहेब ऑस्ट्रेलियाला राहून परत आले होते, हे ऑस्ट्रेलियनला मीच सांगितलं. जेवताना, सहज. निदान तेव्हा सहज वाटलं होतं. त्याला एवढा आनंद झाला की डबा अर्धा टाकून तो उठला. चहाला सगळे शेडच्या सावलीत जमले होते, साहेबही कप घेऊन उभे होते. हा म्हणाला:

“म्हणजे परत पळाला तो तूच! अरे, तुझी खुर्ची आम्ही अजून तशीच रिकामी ठेवलीय. कुणी बसतच नाही. म्हणतात, कुरकुर चिकटते!”

सगळी शेड हसली. ज्यांना इंग्रजी येत नव्हतं तेही त्याच्या हातवाऱ्यांना हसले. साहेबही ओठांनी हसले. कप खाली ठेवला. “उत्तम,” म्हणाले, आणि केबिनमध्ये गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आत बोलावलं. बस म्हणाले. मग ड्रॉइंगच्या गुंडाळ्या सरळ करत, माझ्याकडे न बघता विचारलं:

“तुम्ही त्याच्याबरोबर रोज काम करता. तुम्ही शांत माणूस आहात, उगाच काही बोलणार नाही. माणसांसमोर माझा अपमान करण्याचा त्याचा हेतू असतो, असं तुम्हाला वाटतं का?”

मी म्हणालो, “येस सर.”

“थँक यू,” साहेब म्हणाले. “याची फार मदत झाली.”

आता खरी गोष्ट.

साहेबांनी त्या ऑस्ट्रेलियनला बोलावलं. त्याच्या कॉन्ट्रॅक्टची मुदत दोन-अडीच महिन्यांत संपत होती. दार उघडंच होतं आणि मी बाहेर गिअर धूत होतो, म्हणून मला ऐकू आलं. साहेब म्हणाले, “तुमच्या गुणांना अधिक वाव मिळेल अशी जागा दुसरीकडे असू शकेल, असं मला कधी कधी वाटतं. मुदत संपतच आली आहे, तेव्हा या निमित्ताने तुम्ही मोकळेपणाने विचार करावा. तुमच्या सुखाच्या आड यावं अशी माझी मुळीच इच्छा नाही.”

ऑस्ट्रेलियन बाहेर आला तो शीळ घालत. माझ्या पाठीत थाप मारून म्हणाला, “राउडी, म्हातारा वितळला! मला विचारतो, तू इथे सुखी आहेस ना? माझ्या गुणांचं कौतुक करत होता!”

संध्याकाळी साहेब मला म्हणाले, “त्याने फारच समजूतदारपणे घेतलं. मला उगाच धास्ती होती.” आणि मग, “तुम्ही तयारीत राहा.”

एका माणसाला नोकरीवरून काढलं होतं, आणि ज्याला काढलं त्याला पत्ता नव्हता. काढणाऱ्याला वाटत होतं, सांगून झालं. दोघांच्या मध्ये मी, एकटा, हे जाणणारा. पहिले दोन-तीन दिवस, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. फोरमनच्या टेबलावरची धूळ मी येता-जाता पुसत होतो.

मग एका शुक्रवारी तो मला घेऊन फ्लॅट बघायला गेला. बायको नर्स होती. सलमानियाच्या बाजूला तिचं काम जमत होतं, आणि शाळेची टर्म संपली की ती दोन्ही मुलींना घेऊन येणार होती. तिकडचं घर भाड्याने द्यायचं ठरवलं होतं. समुद्रापासून लांबच्या, सर्वांत जवळचा शेजारीही पंचवीस मैलांवर असलेल्या गावातला माणूस हा. मुलींना समुद्र दाखवायचा म्हणून उड्या मारत होता. त्याने खिशातून टेप काढली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, “धर. पडदे बायको तिकडूनच शिवून आणणार आहे.”

मी खिडकीला टेप धरून उभा राहिलो. तो माप वाचत होता. “राउडी, ऊन कुठल्या बाजूने येतं रे इथे? मुलींची खोली कुठली करू?”

मी हात करून दाखवलं. ही थंड, म्हणालो. त्याने मान हलवली आणि दारावर पेन्सिलीने मुलींसाठी खूण केली.

घरी आलो. खोलीतल्याने माझ्या वाटणीची चपाती झाकून ठेवली होती. ती तशीच राहिली.

पुढच्या आठवड्यात अस्करला क्रेनच्या कामावर जायचं होतं. साहेब मागे, मी पुढे, ड्रायव्हर चालवतोय. मला समोर बघून बोलणं जमलं. त्यांच्याकडे बघून जमलं नसतं. मी म्हटलं, “सर, माझ्या गावची एक गोष्ट सांगू?”

मी आपणहून बोललो याचंच ड्रायव्हरला इतकं आश्चर्य वाटलं की गाडी जरा हलली.

मी सांगितलं. माझे एक काका होते. लहानपणापासून ते मला ‘गाढवा’शिवाय हाक मारायचे नाहीत. दिसलो की एक शिवी, आणि मग खिशातून काहीतरी खाऊ. मी दहावीत असताना आमच्या घरात आणि त्यांच्यात बांधावरच्या फणसावरून वाजलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या ओटीवर गेलो, तर काका म्हणाले, “या. बसा. पाणी घेणार?” त्या दिवशी मी घरी येऊन रडलो. सर, आमच्याकडे माणूस सभ्य बोलायला लागला की समजायचं, संपलं. खलास. जोवर तोंडावर बोलतोय तोवर तो आपला.



“आणि सर,” मी म्हटलं, “तो फोरमन. तो आमच्या गावासारखा आहे.”

बराच रस्ता गेला. मग साहेब म्हणाले, “शेजारचा माणूस रोज सकाळी कुंपणावरून माझ्या आंघोळीची चौकशी करायचा. आणि माझी बायको आजारी पडली तेव्हा त्याने रविवारचे रविवार घालवून आमचं अख्खं घर रंगवलं. मला वाटलं, कीव आली असेल.” आणि: “रेल्वेतल्या लोकांनी निरोपाला बंदरावर येऊन इतकी नावं ठेवली. मला वाटलं, शेवटच्या दिवशीही सोडत नाहीत.”

मग अगदी हळू: “इतक्या वर्षांत तिकडे माझ्याशी कुणी एकदासुद्धा सभ्य वागलं नाही.”

आणि मग, “ओ डिअर.”

दुसरं कुणी असतं तर त्याने छाती पिटली असती. साहेबांचं सगळं त्या दोन शब्दांत आलं. एका अख्ख्या गावाने आपल्याला घरचं धरलं होतं आणि आपण अपमान समजून बोटीत बसलो, हे त्यांना त्या रस्त्यावर, माझ्या पाठीमागे बसून कळलं.

“पण मग त्या दिवशी तुम्ही हो म्हणालात,” साहेब म्हणाले.

ही वेळ होती. मी म्हणालो, “सर, तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.”

“साहजिक आहे,” साहेब म्हणाले. “मला तर एवढी वर्षं लागली.”

पहिल्या खोट्यावर मी दुसरं असं बसवलं, आणि त्या भल्या माणसाने मला धीर दिला.

मग ते पुढे सरकले, दोन्ही सीटच्या मधून तोंड काढलं, आणि एखादा अवघड जॉब विचारावा तसं विचारलं, “करतात कसं हे? म्हणजे, त्याला उत्तर काय द्यायचं?”

“सर, त्याला नावं ठेवायची.”

“बरं.” साहेबांनी घसा साफ केला. “तुमची टोपी काही फारशी— माफ करा.”

“सर, माफ करा नाही म्हणायचं.”

“तुमची टोपी मला आवडत नाही.”

“का आवडत नाही, सर?”

“तशी बरीच चांगली आहे,” साहेब म्हणाले. “मी स्वतः वापरली असती.”

तेव्हा तोंड उघडलं ते ड्रायव्हरने. एवढ्या वर्षांत साहेबांसमोर त्याने ‘येस’ आणि ‘नो’पलीकडे शब्द काढला नव्हता. तो हिंदीत मला म्हणाला, पण इतक्या जोरात की साहेबांनाही कळावं: “साहेबको बोलो, टोपी छोडो, बियर पकडो! उस आदमी का टोपी में जान नहीं है, बियर में है!” मग मराठीत, “आणि म्हणावं, चेहरा असाच ठेवा. मरणाच्या दारातला. तोच भारी पडेल.”

मी भाषांतर केलं. साहेब मागे टेकले. अस्कर येईपर्यंत ते ओठ हलवत होते.

क्रेनची लोड टेस्ट, म्हणजे वजन टांगून घ्यायची चाचणी, त्या दिवशी नव्हती, दोन दिवसांनी होती. होइस्टचा, म्हणजे वजन ओढून घेणाऱ्या यंत्राचा, सगळा गिअरबॉक्स आम्ही खोलून बसवला होता. ऑस्ट्रेलियन त्याच्यात आठवडेच्या आठवडे हात काळे करून बसला होता. टेस्टला अस्करच्या त्या शेडमध्ये आमची सगळी टोळी होती, त्यांचे लोकही होते. लोखंडी वजनं साखळीला लागली. ऑस्ट्रेलियनने हात वर केला, “यल्ला! चला!” वजनं उचलली गेली, वर गेली, थांबली. ब्रेक धरला. एक केसभर घसरण नाही. अधांतरी ते वजन असं स्थिर की बघत राहावं. त्यांच्या इन्स्पेक्टरने अंगठा दाखवला.

आमचा माणूस ग्रीसने माखलेले हात पुसत साहेबांपाशी आला. त्याच्या चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखं झालं होतं. म्हणाला, “झालं बॉस! क्रेन स्वच्छ झाली. आता तेवढी तुझी आंघोळ राहिली.”

साहेब त्याच्याकडे बघत राहिले. चेहरा हजेरी घेतल्यासारखा. शेजारी ड्रायव्हरने माझं मनगट धरलं.

“तसा मी नियमित आंघोळ करणारा मुलगा होतो,” साहेब म्हणाले. आवाज रोजचाच, चढला नाही. “मग मी तुमच्या देशात आलो. पहिल्या दिवशी तुम्ही लोकांनी मला बिअर पाजली. मी चाखली, आणि मला वाटलं, यात कुणीतरी आधीच आंघोळ केलेली आहे. तेव्हापासून, काय आहे, इच्छाच गेली.”

ऑस्ट्रेलियनचं तोंड उघडं.

मग तो असा गरजला की वरचा पत्रा वाजला. गुडघ्यांवर हात ठेवून हसला, खाली बसून हसला, उठून साहेबांच्या पांढऱ्या शर्टाला दोन्ही हातांनी धरून हलवलं आणि ग्रीसचे दोन पंजे त्यांच्या खांद्यांवर उमटवले. “अरे भामट्या! इतके महिने कुठे लपवून ठेवलं होतंस हे!” डोळ्यांतून पाणी. साहेबांनी शर्टाकडे पाहिलं. “हात धुवायची तुमच्याकडे पद्धत नाही वाटतं,” म्हणाले. हे मात्र त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

पठाणाला इंग्रजी चार शब्दांपलीकडे येत नव्हतं. पण काय झालं ते त्याला कळलं. त्याने हातातला हातोडा शेजारच्या गर्डरवर मारला. ठण्! मग पुन्हा. मग स्टोअरकीपरने पाना घेतला, केरळातल्या पोरांनी पाइप, आमच्या कोकणातल्यांनी तर गणपतीच्या आरतीचा ठेकाच धरला. सगळी शेड लोखंडाने वाजायला लागली. मी, चार वाक्यांचा माणूस, एक स्पॅनर घेऊन रेलिंगवर बडवत होतो. साहेब मधोमध उभे, खांद्यांवर काळे पंजे, टाय वाकडी, आणि हसत होते. दात दिसेपर्यंत. तसं हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

आवाज थांबल्यावर साहेब त्याला म्हणाले, “मागे मी तुम्हाला केबिनमध्ये काही बोललो होतो. ते विसरून जा. कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू राहील.”

“काय बोलला होतास?” ऑस्ट्रेलियन म्हणाला.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

“काही नाही,” साहेब म्हणाले. “मफी.” तिकडच्या अरबीतही तेच, काही नाही.

परतताना साहेबांनी मागचं दार उघडलंच नाही. पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. मागे मी आणि ऑस्ट्रेलियन. त्याने गाडीतच साहेबांना नाव ठेवलं, त्यांच्या देशातल्या पद्धतीचं, उलटं: ‘बडबड्या’. सलमाबाद येईपर्यंत दोघांची जुंपली होती, आणि ड्रायव्हर आरशातून मला डोळे मिचकावत होता.

त्याची बायको आणि मुली आल्या. पडदे बरोबर बसले. शुक्रवारी त्यांच्या गच्चीवर मांस भाजलं जायचं, मला वेगळी मासळी असायची, आणि साहेब आपली बायको घेऊन यायचे; येताना साबणाची वडी आणायचे, गंभीर चेहऱ्याने यजमानाच्या हातात द्यायचे. पोरी खिदळायच्या. वर्कशॉपमधली माणसंसुद्धा बदलली. साहेब ‘फारसं वाईट नाही’ म्हणाले की पठाण म्हणायचा, “साहब, और अच्छा गाली दो.” आणि साहेब द्यायचे.

काही वर्षांनी साहेब निवृत्त झाले, आणि लोकांना वाटलं इंग्लंडला जातील, तर ते स्वतःच्या तिकिटाने ऑस्ट्रेलियाला गेले. त्याच गावात. तो घर रंगवणारा शेजारी म्हातारा होऊन अजून तिथेच होता. साहेबांनी फोनवर आम्हाला सांगितलं: दारात उभा राहिलो, त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, “एवढा वेळ लावलास? पाणी गार झालं ना!”

साहेब गेले तेव्हा ऑस्ट्रेलियन मॅनेजर झाला आणि त्याने फोरमनसाठी एकच नाव दिलं. माझं. हेड ऑफिसला म्हणाला, हा माणूस कधी खोटं बोलत नाही. ते टेबल मला मिळालं, आणि मी ते चांगलं सांभाळलं. हे मी अभिमानाने सांगतो. दशक संपता संपता तोही गेला. विमानतळावर मला मिठीत घेऊन त्याने इतक्या शिव्या दिल्या की पोलिस बघायला लागला. मी त्याला एकही उलट दिली नाही. तो म्हणाला, “राउडी, शेवटपर्यंत दंगा करतोस!”

दरवर्षी डिसेंबरात त्याचा फोन येतो. मुली आता मोठ्या आहेत. मी ऐकतो, तो बोलतो, फोन ठेवला जातो.

खरं सांगणं हे मी त्याचं देणं लागतो: की एकदा तुझी नोकरी गेली होती, ती मी घालवली होती, आणि तो गैरसमज नव्हता. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.